अंबाझरीचा हिशेब आणि पेंचचे पाणी



नागपूरहून वर्ध्याकडे निघाले की शहर मागे पडते न पडते तोच खापरी लागते. खापरी, शिवणगाव, तेल्हारा, दहेगाव, कलकुही ही या बाजूची जुनी गावे. या गावांच्या शेतजमिनीवर 2002 नंतर जे उभे राहू लागले त्याला आपण सगळे आता मिहान म्हणतो. कारखाने आले, विमानांची दुरुस्ती आली, मोठे सरकारी रुग्णालय आले. या सगळ्यांना पाणी लागते, आणि ते येते वेणा नदीवरच्या वडगाव धरणातून. शेजारच्या नागपूर शहराला पाणी येते पेंचमधून, म्हणजे सातपुड्याच्या डोंगरातून. इथे नळ सोडला की पाणी येते. ते कुठून निघाले हे विचारायची गरज पडत नाही. गरज पडते ती नळ कोरडा राहिला म्हणजे.

गावातली जुनी माणसे मात्र नळाआधीच्या गोष्टी सांगतात. पूर्वी नाला पौषापर्यंत वाहायचा, आता दिवाळीलाच दगड दिसतात. पूर्वी झड लागायची ती आठ-आठ दिवस. आता एका रात्रीत सगळे कोसळते आणि मग पंधरा दिवस आभाळ कोरडे. हे खरे की म्हातारपणाची आठवण? आपल्या लहानपणीचा पाऊस सगळ्यांनाच मोठा वाटतो, बोरे गोड वाटतात तशीच ही गोष्ट. पण पाऊस मोजता येतो, नदीही मोजता येते. आणि गंमत अशी, की भारतात हा दुहेरी हिशेब ज्या ठिकाणी फार लवकर, फार नेटाने मांडला गेला, ते ठिकाण मिहानपासून सरळ रेषेत दहाएक किलोमीटरवर आहे. तो आपला अंबाझरी तलाव.

1868 साली अलेक्झांडर बिनी नावाचा एकोणतीस वर्षांचा इंजिनिअर सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला लागून इकडे आला. पुढे तो लंडनचा मुख्य इंजिनिअर झाला, थेम्स नदीखालचा बोगदा त्याने काढला, त्याला ‘सर’ ही पदवी मिळाली. वरोऱ्याकडे कोळसा शोधण्याचे कामही त्याच्याकडे आले होते. पण त्याचे नाव आजही आपल्या पाटबंधारे खात्याच्या पुस्तकांत आहे ते नागपूरच्या पाणीपुरवठ्यामुळे. त्या वेळी शहराला नळाने पाणी द्यायचे ठरले, आणि त्यासाठी अंबाझरीवर भिस्त ठेवायची होती. आता प्रश्न असा, की तलाव किती भरेल? आभाळातून पडते ते सगळे पाणी काही तलावात येत नाही. काही जमीन पिते, काही ऊन पिते, काही गवत आणि झाडे पितात. उरते ते नाल्याने येते. उरते किती?

बिनीने अंदाज बांधला नाही. त्याने मोजले. तलावाला पाणी पुरवणारे पाणलोट क्षेत्र लहान होते, सुमारे 16 चौरस किलोमीटर. त्यावर पडणारा पाऊस, तलावात आलेले पाणी आणि पृष्ठभागावरून वाफ होऊन गेलेले पाणी, या तीन गोष्टींच्या नोंदी त्याने 1869 ते 1872 या काळात ठेवल्या. आपल्या काळ्या जमिनीचा स्वभाव शेतकऱ्याला सांगायला नको. उन्हाळ्यात तिला हातभर खोल भेगा पडतात. मृगाचा पाऊस पडला तरी तो त्या भेगांतच जातो, नाल्याला थेंब येत नाही. आर्द्रा, पुनर्वसू होता होता भेगा मिटतात, जमीन फुगते, तृप्त होते. आणि मग पुष्य-आश्लेषाचा पाऊस तिच्यावरून घरंगळत निघून जातो. जो पाऊस जूनमध्ये नाल्याला काहीच देत नाही, तेवढाच पाऊस ऑगस्टमध्ये नाल्याला पूर आणतो. बिनीच्या आकड्यांनी नेमके हेच दाखवले, फक्त शेतकऱ्याला मनात ठाऊक असलेली गोष्ट त्याने टक्क्यांत मांडली.

ते टक्के ऐकण्यासारखे आहेत. वर्षाचा पाऊस 1,000 मिलिमीटर, म्हणजे सुमारे 40 इंच झाला, तर त्यातले 38 टक्के पाणी नाल्याने येते. 700 मिलिमीटर झाला तर 25 टक्के. आणि 500 झाला तर अवघे 15 टक्के. शिक्षक मित्रांनी हा हिशेब फळ्यावर मांडून पाहावा. हजार मिलिमीटरच्या 38 टक्के म्हणजे 380. सातशेच्या 25 टक्के म्हणजे 175. पाऊस तीस टक्क्यांनी घटला, पण नदी निम्म्याहूनही खाली आली! पाऊस निम्मा झाला, तर नदीत पाणी उरते 75 मिलिमीटर, म्हणजे पाचवा हिस्सा. म्हणून तर एखाद्या वर्षी पीक कसेबसे हाती लागते, पाऊस ‘बरा झाला’ असे आपण म्हणतो, आणि धरण मात्र रिकामेच राहते. जमीन आपला वाटा आधी काढून घेते. नदीच्या वाट्याला नेहमी उरलेले येते.

सह्याद्रीत असे होत नाही. तिथल्या घाटमाथ्यावरच्या नद्यांचा हिशेब इंग्लिस आणि डिसोझा या दोघांनी पश्चिम भारतातल्या 53 मोजणीच्या ठिकाणांवरून 1929 साली मांडला. घाटात तीन मीटर पाऊस पडला, तर त्यातले साडेसात आणे नव्हे, चांगले बारा आणे पाणी नदीला येते. पाऊस एक तृतीयांश घटला तर नदीही साधारण तेवढीच, थोडी अधिक घटते. कोकणातल्या माणसाला म्हणूनच आपल्याकडचे धरण का भरत नाही हे पटकन कळत नाही. आमचा सातपुडा दोहोंच्या मधला आहे. पचमढीला नागपूरच्या जवळजवळ दुप्पट पाऊस, पण छिंदवाड्याच्या पठारावर आणि उतारावर खाली येऊ लागले की पाऊस कमी होत जातो, जमीन काळी होत जाते, आणि बिनीचा हिशेब लागू पडू लागतो.

बिनीचे हे टक्के विदर्भात आणि मध्य प्रदेशात पुढे कितीतरी वर्षे तलावांचे आराखडे करताना वापरले गेले. चार पावसाळ्यांची मोजणी, आणि तिच्यावर शंभर वर्षांचे तलाव! याची काळजी इतर कोणाला वाटली नसेल, पण खुद्द बिनीला वाटली. नागपूरचा निबंध लिहितानाच तो पाऊस वर्षावर्षाला कसा हेलकावतो याकडे वळला होता. वीस वर्षांनी, 1892 मध्ये, त्याने जगभरच्या जुन्या नोंदी गोळा करून एकच प्रश्न विचारला: सरासरी म्हणून सांगायची तर किती वर्षे मोजावे? त्याचे उत्तर असे आले. पाच वर्षांची सरासरी खऱ्या सरासरीपेक्षा पंधरा टक्क्यांपर्यंत चुकते. दहा वर्षांची आठ टक्के. वीस वर्षांची तीन-सव्वातीन टक्के. पस्तीस वर्षे मोजले, म्हणजे चूक दोन टक्क्यांच्या आत येते. आज जगभरचे हवामानशास्त्रज्ञ तीस वर्षांची सरासरी धरतात. माझ्या मते अंबाझरीच्या बांधावर उभे राहून ज्याने चार वर्षांचे आकडे लिहिले, त्यालाच चार वर्षांचे मोल किती थोडे आहे हे सर्वांत चांगले कळले असावे.

आता त्याच काळातली दुसरी गोष्ट. ती डोंगराची आहे, आणि तीत माणसे भरडली गेली आहेत.

सातपुड्यात गोंड, कोरकू, बैगा, भारिया हे लोक पिढ्यान्‌पिढ्या डोंगरउतारावर फिरती शेती करीत. झाडे तोडायची, उन्हात वाळू द्यायची, पेटवून राखेत कोदो-कुटकी पेरायची, आणि दोन-तीन वर्षांनी ती जागा सोडून पुढे जायचे. कुणी तिला दह्या म्हणे, कुणी बेवर. मध्य प्रांताचे वन खाते 1860 च्या सुमारास सुरू झाले, बोरीचे जंगल 1865 मध्ये राखीव झाले, आणि 1870 नंतरच्या वर्षांत या शेतीवर बंदी येत गेली. रेल्वेच्या स्लीपरांसाठी मोठमोठी झाडे ठेकेदारांनी तोडली ती गोष्ट वेगळी. ठपका आला तो मात्र बेवर करणाऱ्यांवर.

1875 साली भारताचे हवामान खाते स्थापन झाले. त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड. त्यांनी 1887 मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. मध्य प्रांताच्या दक्षिण भागात, म्हणजे आपल्याच मुलखात, फिरती शेती बंद झाल्यावर जंगल पुन्हा वाढले. आणि बंदीआधीच्या दहा वर्षांपेक्षा बंदीनंतरच्या दहा वर्षांत पाऊस जास्त पडला. तेव्हा जंगल वाढले म्हणून पाऊस वाढला, असा त्यांच्या मांडणीचा रोख. माणूस मोठा विद्वान होता, आकडे खरे होते. पण दहा वर्षे आणि दहा वर्षे! बिनीच्या हिशेबाने दहा वर्षांची सरासरी आठ टक्क्यांनी सहज चुकते, मग दोन दशकांची तुलना करून काय सिद्ध होणार? जंगल तिथेच होते, राखीवच होते, आणि 1896 साली ऑगस्ट सरतासरता पाऊस थांबला तो आलाच नाही. भात वाळले. मध्य प्रांतात दुष्काळ पडला. माणसे पुरती सावरलीही नव्हती तोच 1899 चा पावसाळा साफ गेला, आणि त्याही वर्षी दुष्काळ. ज्यांची बेवर बंद केली होती, त्यांच्याकडे त्या वर्षांत जंगलातल्या कंदमुळांखेरीज फारसे काही नव्हते, आणि ते जंगलही आता सरकारचे होते.

पुढे हवामान खात्याचे प्रमुख झालेले गिल्बर्ट वॉकर यांनी 1910 मध्ये सगळ्या जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या. भारताचे हवामान कायमचे बदलले असे म्हणायला पुरावा नाही, असा त्यांचा निष्कर्ष. पाऊस वर-खाली होतो, पण पुन्हा जागेवर येतो. याच वॉकरांनी पुढे पॅसिफिक महासागरावरच्या हवेच्या दाबाचा आणि आपल्या मान्सूनचा संबंध शोधून काढला. आज वर्तमानपत्रात ‘एल निनो’ असे आपण वाचतो त्याची मुळे तिथे आहेत.

म्हणजे मग जंगलाचा काहीच उपयोग नाही, असे कोणी समजू नये. जंगल पाऊस किती पाडते हा वादाचा विषय राहिला. पण पडलेल्या पावसाचे ते काय करते हे स्पष्ट आहे. पालापाचोळ्याखालची भुसभुशीत जमीन पाणी आत घेते आणि झऱ्यांवाटे सावकाश सोडते. तेच उतार उघडे पडले, जनावरांच्या खुरांनी माती घट्ट झाली, की पाणी वरून धावते. वर्षाचा एकूण आकडा सारखाच राहील, पण नदी चार दिवस गढूळ पुराने वाहील आणि चार महिने कोरडी पडेल. शिवाय झाडे स्वतःही पाणी पितात, हेही विसरता कामा नये. पौषातला नाला दिवाळीतच आटला याचे उत्तर पावसाच्या आकड्यात सापडेलच असे नाही. ते कदाचित उतारावर सापडेल, आणि कदाचित विहिरीत. काटोल, वरुड, मोर्शी, आणि पलीकडे सौंसर, पांढुर्णा या संत्र्याच्या पट्ट्यात विहिरींना आणि कूपनलिकांना विजेचे पंप बसले. झऱ्याला जाणारे पाणी आधीच वर काढले तर नाल्यात काय येणार? वरुड-मोर्शीकडे भूजल इतके खोल गेले की सरकारला तिथे निर्बंध आणावे लागले.

आता पेंचकडे वळू. अंबाझरी पुरेना तसे नागपूर गोरेवाड्याकडे गेले, मग कन्हानवर, आणि शेवटी पेंचवर. पेंच आणि कन्हान दोघीही छिंदवाडा जिल्ह्यातल्या सातपुड्यात उगम पावतात. कामठी तालुक्यात बिना गावाजवळ पेंच कन्हानला मिळते, आणि कन्हान पुढे आंभोऱ्याला वैनगंगेत जाते. 1956 पर्यंत या नद्यांचे उगम आणि संगम एकाच राज्यात होते, आणि राजधानी नागपूर होती. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची पुनर्रचना झाली. डोंगर मध्य प्रदेशात राहिला, संगम मुंबई राज्यात आणि 1960 पासून महाराष्ट्रात आला. नदीला सीमा कळत नाही. पाणी वाटणाऱ्यांना मात्र कळावी लागते. त्या दशकात पेंचच्या पाण्याबद्दल दोन्ही राज्यांनी करार केला. पुढे 1969 मध्ये नेमलेल्या गोदावरी पाणीतंटा लवादाने 1980 मध्ये निवाडा दिला. तोतलाडोहचे मोठे धरण अगदी सीमेवर बांधले गेले. तिथल्या 160 मेगावॉट विजेचे दोन वाटे मध्य प्रदेशला आणि एक वाटा महाराष्ट्राला. खालच्या नवेगाव खैरीच्या धरणातून नागपूरला पाणी, कोराडीच्या वीजकेंद्राला पाणी, आणि पारशिवनी, रामटेक, मौद्याच्या धानाला पाणी.

करार झाला तो काळ नीट पाहावा. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेत 1871 पासूनच्या भारतातल्या पावसाची मालिका जुळवली आहे. तिच्यात तीस-तीस वर्षांच्या लाटा दिसतात. साधारण 1895 ते 1930 हा काळ कमी पावसाचा, त्यानंतर 1963 पर्यंतचा चांगल्या पावसाचा, आणि पुन्हा 1990 पर्यंतचा तुटीचा. 1972 चा दुष्काळ त्याच तुटीच्या काळातला. स्वातंत्र्यानंतर ज्या पिढीने देशभर नद्यांचे हिशेब मांडले, तिने डोळ्यांनी पाहिलेला पाऊस चांगल्या लाटेतला होता. अमेरिकेत हेच घडले आहे. कोलोरॅडो नदीचे पाणी सात राज्यांनी 1922 मध्ये वाटून घेतले ते नेमके भरघोस पावसाच्या वर्षांचे आकडे धरून. पुढे जुन्या झाडांच्या खोडातल्या कड्या मोजल्या तेव्हा कळले, की नदीत इतके पाणी एरवी नसतेच. कागदावरचे पाणी नदीपेक्षा जास्त झाले, आणि ते भांडण आजही चालू आहे.

झाडांच्या कड्या आपल्याकडेही बोलतात. साग पावसाळ्यात वाढतो, उन्हाळ्यात थांबतो, म्हणून खोडात वर्षाला एक कडी पडते. पाऊस चांगला तर कडी रुंद, तुटीचा तर बारीक. होशंगाबादकडच्या, म्हणजे सातपुड्याच्याच सागावरून संशोधकांनी पर्जन्यमापके येण्याच्या आधीच्या पावसाचा अंदाज काढला आहे.

मध्य प्रदेशाने आपल्या वाट्याचे पाणी अडवण्यासाठी छिंदवाडा जिल्ह्यात पेंचवर चौरईचे धरण बांधले. 2016 च्या सुमारास त्यात पाणी साठू लागले. करारात बसणारेच ते काम. पण तोतलाडोहला आजवर त्या वाटेने जे येत होते ते आता आधी वर अडू लागले. त्यातच पावसाने साथ सोडली. बिनीचे टक्के आठवा: पाऊस थोडा घटला की नदी फार घटते, आणि त्या घटलेल्या नदीतला पहिला घास वरच्या धरणाचा. जुलै 2019 मध्ये तोतलाडोह तळाला गेले आणि नागपुरात एक दिवसाआड पाणी सोडण्याची वेळ आली. मौदा-रामटेककडे धानाचे पऱ्हे तयार होते आणि रोवणीला कालव्याचे पाणी नव्हते. शहराला पिण्याचे पाणी राखायचे म्हणजे कालव्याला नाही म्हणायचे. ते योग्य की अयोग्य हा वाद मी इथे काढत नाही, पण आपला घास कोणाच्या नळासाठी थांबला हे रोवणीची वाट पाहणाऱ्या बाईला नक्की माहीत होते.

आणि त्याच वर्षी सप्टेंबरात धरण तुडुंब भरले. वर्षभराने, ऑगस्ट 2020 च्या शेवटी, मध्य प्रदेशात डोंगरावर इतका पाऊस कोसळला की वरची धरणे सोडावी लागली. कन्हान आणि वैनगंगा फुगल्या, आणि पूर्व विदर्भातली किती गावे पाण्याखाली गेली! तेरा महिन्यांत तहानही आणि पूरही, एकाच खोऱ्यात.

वॉकरांनी पाहिले नव्हते ते हे. पाऊस पुन्हा जागेवर येतो हे त्यांचे म्हणणे वर्षाच्या बेरजेपुरते बरेचसे टिकले. पण बेरीज कशी होते ते बदलले. भारतीय शास्त्रज्ञांनी 1951 ते 2000 या काळातल्या मध्य भारताच्या रोजच्या नोंदी तपासून 2006 मध्ये दाखवले, की अतिवृष्टीचे दिवस वाढले, मध्यम पावसाचे दिवस घटले, आणि एकूण पाऊस मात्र फारसा हलला नाही. 2017 मध्ये पुण्याच्याच संस्थेतून आणखी एक अभ्यास आला: मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी कोसळणारा अतिपाऊस 1950 पासून 2015 पर्यंत मध्य भारतात तिपटीने वाढला. अरबी समुद्र तापतो आहे, तिथून येणारी ओल वाढली आहे, आणि ती झटक्याझटक्याने येते. म्हणजे झड गेली आणि कोसळणे आले, ही जुन्या माणसांची तक्रार निव्वळ म्हातारपणाची नव्हती.

मग बिनीच्या टक्क्यांचे काय करायचे? ते झडीच्या पावसाचे टक्के होते, आणि तो उतार तेव्हा मोकळा होता. आज अंबाझरीच्या वरच्या भागात वस्ती, रस्ते, सिमेंट आहे. तिथे जमिनीला आपला वाटा काढायला वेळही नाही आणि जागाही नाही. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी सांडव्यावरून वाहिली, नाग नदीने पात्र सोडले आणि घराघरांत पाणी शिरले. ज्या तलावात पाणी पुरेसे येईल का याची 1869 मध्ये चिंता होती, त्याच तलावात ते फार आले. मिहानच्या बाजूलाही शेतांच्या जागी छपरे आणि डांबर आले आहे, आणि तिथल्या नाल्यांचा हिशेब जुन्या कोष्टकातून काढता येणार नाही. तो नव्याने मोजावा लागेल.

मोजायला फार काही लागत नाही. शिक्षक मित्रांपैकी ज्यांच्या शाळेला उघडे आवार असेल त्यांनी सरळ बाजूंची, सपाट बुडाची एक बरणी झाडाझुडपांपासून दूर, जमिनीपासून हातभर उंचीवर पक्की बसवावी. रोज सकाळी साडेआठला, कारण हवामान खात्याचा दिवस तेव्हाच संपतो, पट्टीने आतले पाणी मोजावे आणि वहीत तारखेपुढे मिलिमीटर लिहावे. अडीच मिलिमीटर किंवा जास्त असेल तर तो पावसाचा दिवस धरावा. गावचा नाला कोणत्या दिवशी वाहू लागला आणि कोणत्या दिवशी थांबला, हेही त्याच वहीत लिहावे. हे सहसा कोणी लिहीत नाही. आणि पाऊस नसेल त्या दिवशी रकाना मोकळा न सोडता शून्य घालावे. नाहीतर पस्तीस वर्षांनी वही उघडणाऱ्याला कळणार नाही, की त्या दिवशी पाऊस नव्हता की मास्तर रजेवर होते.